पुण्याची लीग की नाशिकची

आबा,

रविवारी जामनेरला तुमच्या नावानं मुलींच्या फुटबॉलची स्पर्धा झाली आणि बक्षीस समारंभात मी भर मांडवात तुमच्याविरुद्ध बोलले. आई तेव्हापासून माझा फोन घेत नाही. गावात काय चाललं असेल ते मला इथे जळगावात बसून ऐकू येतं. एवढ्या मोठ्या माणसाची मुलगी, आणि बापाच्या फोटोसमोर उभी राहून असं बोलली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमची नात तुम्हाला फक्त त्या हार घातलेल्या फोटोतूनच ओळखते. तरी जे झालं ते तुम्हाला माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कोणाकडून नको, म्हणून लिहायला बसले आहे.

नात चौदा वर्षांची आहे. खेळते. तुमच्यापेक्षा चांगली खेळते, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षाही. डावा पाय असा चालतो की समोरची मुलगी नुसती वळत राहते. तिला ह्या वर्षी दोन क्लबांनी बोलावलं. पुण्याचा क्लब देशातल्या मोठ्या क्लबांच्या मुलींच्या लीगमध्ये खेळतो. तिथे वसतिगृह, हिरवंगार टर्फ, रोज दोन वेळा सराव, पाय मुरगळला तर बघायला डॉक्टर. पण त्यांनी सरळ सांगितलं की पहिलं वर्ष बहुतेक बेंचवर जाईल. नाशिकचा क्लब राज्याच्या नव्या लीगमध्ये उतरला आहे. ती लीग लहान, पण तिथे ही पहिल्या सामन्यापासून पूर्ण वेळ मैदानावर असेल. शाळा जळगावातच, शनिवारी सकाळी गाडीनं जायचं, रविवारी परत. गेला महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ह्यांचे मित्र, माझ्या ऑफिसातल्या बायका, शेजारचे काका, ज्यांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नाही, त्या सगळ्यांचं काही ना काही मत होतं. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच. "आबा असते तर काय म्हणाले असते?"

आबा असते तर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

लोक सांगतात ते खोटं नाही. बाजार समितीच्या मागच्या त्या पडीक जागेवरचे गोटे तुम्ही स्वतः वेचलेत. कापूस वेचणीच्या दिवसांत आयाबापांच्या दारात उभं राहून एकेक मुलगी मागून आणलीत. आमच्या हाफ पँटवरून चावडीवर वाद झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझी पोरगी सगळ्यात पुढे धावते, बोला मला काय बोलायचं ते." मी तिथेच उभी होते. त्या दिवशी तुमच्याएवढा उंच माणूस मी पाहिला नव्हता. म्हणूनच तर राग जात नाही. मुलीला सरळ 'नाही' म्हणणारे बाप असतात तसे तुम्ही असता, तर मी केव्हाच विसरले असते.

धुळ्याची विभागीय स्पर्धा आठवते? आपण उपांत्य फेरीत हरलो, पण दोन्ही गोल माझे होते. मी नळाखाली गुडघा धुतेय आणि पुण्याहून आलेल्या त्या प्रशिक्षक बाई माझ्याकडे येतात. केस कापलेले, गळ्यात शिट्टी. त्या तुमच्याशी नाही, आधी माझ्याशी बोलतात. "आमच्या क्लबमध्ये ये. तिथेच शाळा, तिथेच राहायचं. यायचंय का तुला?" आबा, तोपर्यंत मला कोणी काही विचारलंच नव्हतं. कोणत्या जागेवर खेळायचं, केस किती कापायचे, आठवीत संस्कृत घ्यायचं की हिंदी, सगळं ठरलेलं मिळायचं. मी तोंड उघडलं, आणि माझ्या मागून तुमचा आवाज आला. "ती तयार नाही अजून. वर्षभरानं बघू." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसत होतात, पाहुण्यांशी हसता तसं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे सर," आणि गेल्या.

येताना पारोळ्याला एसटी थांबली. तुम्ही मला शेवभाजी खायला घातलीत, वरून जिलेबी मागवलीत. मी घास चिवडत बसले. तुम्ही म्हणालात, "तू गेली असती तर आपली टीम मोडली असती बेटा. बाकीच्या पोरींनी काय करायचं?" मी म्हणाले, "मी तयार आहे आबा." तुम्ही रस्सा भुरकत म्हणालात, "तुले अजून काय समजते." रागावूनही नाही. लाडानं. ते वाक्य मला चपराकीपेक्षा जास्त लागलं, कारण चपराक दिली असतीत तर रडता तरी आलं असतं.

वर्षभरानं त्या बाई आल्याच नाहीत. त्या कशाला येतील? आणि तुमची टीम? गोलकीपरचं दहावीनंतर लग्न झालं. दोघी बहिणी शेंदुर्णीला मामाकडे गेल्या. एकीच्या बापानं शाळाच सोडवली. ज्या टीमसाठी मला अडवलंत, ती पुढच्या दोन पावसाळ्यांत आपोआप विरली. तुम्ही पुन्हा नव्या लहान मुली गोळा केल्यात. त्यांना शिट्टी वाजवत शिकवत राहिलात. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, लग्न केलं. त्या मैदानाकडे परत कधी फिरकले नाही, आणि तुम्हीही मला का फिरकत नाहीस म्हणून विचारलं नाहीत.

आता रविवारचं. तुमच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा आता जळगावात क्लब चालवतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही म्हणते. माझी मुलगी त्याच्याकडेच शिकली. मनानं चांगला आहे, तुमच्यासारखाच. तुमच्यासारखंच कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. नाशिकच्या क्लबाशी त्याचं बोलणं झालेलं होतं. ही तिकडे गेली तर त्याच्या आणखी दोन-तीन मुलींना ते घेणार होते. मला त्यानं हे सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, "भाऊ, अजून ठरलं नाही." तरी समारंभात माइक घेऊन तो म्हणाला, "आज आबांच्या पुण्यस्मरणाला एक आनंदाची बातमी. आबांची नात पुण्यामुंबईच्या मोहात न पडता नाशिकच्या टीममधून, आपल्याच मुलींसोबत खेळणार! आबांनीही हेच केलं असतं." टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी वळून माझ्या मुलीकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येत नाही. काहीच आलं नाही. ते मी ओळखलं, धुळ्याला नळापाशी माझा चेहरा असाच झाला असणार.

मी उठले. माइक त्याच्या हातातून घेतला म्हणण्यापेक्षा ओढला. "हे कोणी ठरवलं भाऊ? तिला विचारलंत?" तो हसला. "अहो ताई, एवढ्याशा पोरीला काय विचारायचं? आपण मोठी माणसं आहोत ना." मग मला थांबता आलं नाही. धुळ्याचं सगळं सांगितलं. नळ, बाई, तुमचं ते "वर्षभरानं बघू". म्हणाले, "आबांनी ह्या गावातल्या सगळ्या मुलींना मैदान दिलं आणि स्वतःच्या मुलीला कुंपण घातलं. त्यांच्या नावानं हे पुन्हा करायचं असेल तर ह्यापुढे माझ्या बापाचं नाव घेऊ नका." माइक भाऊच्या हातात परत दिला. आबा, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी माझं वाक्य मी पुरं केलं.

आई मांडवाच्या दाराशी भेटली. पदर घट्ट धरून उभी होती. म्हणाली, "मेलेल्या मानसाले उलटून बोलता येत नाही, म्हनून बोलली ना तू?" मी म्हणाले, "जिवंत होते तेव्हा मला कुठे उलटून बोलता येत होतं आई?" ती रिक्षात बसून निघून गेली.

जळगावकडे येताना मला वाटलं होतं मुलगी खूश असेल. ती खिडकीबाहेर बघत बसली. नेरीच्या पुढे आल्यावर म्हणाली, "तू पण मला विचारलं नाहीस." मी म्हणाले, "अगं, मी तुझ्याचसाठी—" "नाही. तू तुझ्यासाठी भांडलीस. सगळ्यांसमोर. भाऊंनी माझं नाव घेतलं, मग तू घेतलंस. मी तिथे बसलेच होते ना?" तिचे बाबा गाडी चालवत होते, त्यांनी आरसा नीट केला. मला तिचाही राग आला. तिच्यासाठी मी गावाशी वैर घेतलं होतं. थोड्या वेळानं मी दात आवळूनच विचारलं, "मग सांग. कुठे खेळायचंय तुला?"

"नाशिक," ती म्हणाली.

मला वाटलं गाडी थांबवावी. म्हणाले, "भाऊ म्हणाला म्हणून?" ती म्हणाली, "भाऊ म्हणाले म्हणून मी जवळजवळ पुणं म्हणणार होते. पण मला बेंचवर बसायचं नाही आई. मला खेळायचंय. पुणेवाले सोळाव्या वर्षी पण ट्रायल घेतात, मी त्यांना विचारलंय." तिनं स्वतः फोन करून विचारलं होतं. आम्ही सगळे महिनाभर तिच्याबद्दल बोलत होतो आणि तिनं दोन्ही क्लबांना फोन करून सगळं विचारून ठेवलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की सोळाव्या वर्षी कोणी कोणाची वाट बघत नाही, मला बघ. पण नुसतं "बरं," म्हणाले.

आज शनिवार. सकाळीच ती गेली, स्टेशनवर मला प्लॅटफॉर्मपर्यंत येऊ दिलं नाही. पहिलाच सामना आहे. मघाशी फोन आला, तीन गोलांनी हरले. मी विचारलं, "वाईट वाटतंय?" म्हणाली, "खूप. पण शेवटपर्यंत होते मी." तिनं निवडलं ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. पण ते तिचं आहे. चुकलं तरी तिचं. तुम्ही माझी फक्त पुण्याची वाट नाही अडवलीत आबा, तिथे जाऊन मी हरले असते की जिंकले असते हे कळायची वाटही अडवलीत. मी कदाचित चांगली नसेनही. आता जन्मभर नुसता अंदाज करत राहायचं. हे तुम्हाला माफ करता येत नाही, आणि फोटोसमोर उदबत्ती लावून ते होणारही नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून कपाटात ठेवीन. ते ठेवायला जागा करते आहे तर वरच्या फळीवरची पत्र्याची नवी पेटी खाली काढावी लागली. मीच सुभाष चौकातून आणली होती, कुलुपासकट, आणि झाकणावर पेंटरकडून तिचं नाव आणि खाली 'पुणे' असं लिहून घेतलं होतं. तिला कोणी काही विचारायच्या आधी. ते अजून तिला सांगितलेलं नाही.