आईंच्या मापाची झोळी

वन्संना वहिनीचा नमस्कार.

तुमचा खोकला उतरला असेल, तुमच्या यजमानांचा गुडघा वाकू लागला असेल आणि पोरं वेळेवर जेवत असतील असं धरून चालते. आमच्याकडे आईंची उजवी बाजू झटक्यानंतर अजून झोपलेलीच आहे, डावा हात उजव्याचंही काम करतो आणि जीभ दोघांचं. माझी कंबर बरी आहे. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिलं, कारण मागच्या वेळी निघताना तुम्ही दारात जे बोललात ते सगळं तिच्यावरच टेकलेलं होतं. वहिनी, तुम्हाला एकटीला आईला पलंगावरून खुर्चीत बसवता येत नसेल तर तिला वृद्धांच्या संस्थेत ठेवू, महिनाअखेर मी न्यायला येते, असं तुम्ही म्हणालात. चांगल्या मनाने म्हणालात, मला राग आला नाही. (आला होता. तो मी कढई घासायला वापरला. कढई आता आरशासारखी आहे.)

माणूस उचलायचं मशीन भाड्याने मिळतं हे मला वाचनालयात कळलं. (तुम्ही हसाल. मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. पण तुमचे दादा गेल्यापासून दुपारी मला घराबाहेर कुठेतरी बसावं लागतं, आणि वाचनालयात कोणी 'कशा आहात' म्हणून विचारत नाही. आधी कथा वाचल्या, मग प्रवासवर्णनं, आता आरोग्याचं कपाट चालू आहे. मला असे असे रोग माहीत झाले आहेत की जे आपल्या घरात कोणाला होण्याची शक्यता नाही, याचं कधी कधी वाईट वाटतं.) मशीन दिसायला छोट्या क्रेनसारखं. खाली चाकं, पलंगाखाली सरकणारे दोन लांब पाय, मधे खांब, वर एक हात आणि हाताच्या टोकाला आडवा दांडा. दांड्याला झोळी अडकवायची, झोळीत माणूस ठेवायचा आणि कळ दाबायची. मशीन सगळ्यांना एकच, झोळ्या मात्र लहान, मध्यम आणि मोठी. दुकानदाराने साहजिकच विचारलं, साईज कुठली?

आता वन्सं, आपल्या घरात मापाची वस्तू कधी आली आहे का ते तुम्हीच सांगा. तुमचा शाळेचा फ्रॉक तुम्ही शाळा सोडताना अंगाला बसला. तुमचे दादा लग्नात ज्या बुटांत उभे होते त्यांत पुढे कापूस होता, आणि मला वाटलं होतं की माणूस सावकाश चालतोय म्हणजे स्वभावाने शांत असेल. सगळं एक नंबर मोठं घ्यायचं, हा आईंचा कायदा. मी निघाले तेव्हाही पलंगावरून हुकूम आलाच, मोठीच आण, धुतल्यावर आटली म्हणजे? खोटं कशाला बोलू, मलाही मोठी म्हणजे जास्त सुरक्षित असंच वाटलं. दुकानदार म्हणाला, आजी अंगाने कशा आहेत? मी म्हटलं, काडी आहेत, पण मोठी द्या. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोठी दिली.

पहिल्या दिवशी मी झोळी आईंच्या खाली सरकवली, पट्टे दांड्याला अडकवले आणि कळ दाबली. मशीनचा हात वर गेला, आणखी वर गेला, जेवढा जायचा तेवढा जाऊन थांबला. आई गादीवरच. चारी बाजूंनी कापड तेवढं उभं राहिलं होतं आणि तळाशी आई, पिशवीत राहिलेल्या शेवटच्या लिंबासारख्या.

"झालं का वर?" आतून आवाज आला.

"नाही, आई."

"मग मी हे काय बघतेय?"

"झोळीची आतली बाजू."

"बरी शिवली आहे," म्हणाल्या.

प्रत्येक पट्ट्याला टोकापासून आतपर्यंत तीन रंगांच्या कापडी कड्या असतात, पट्टा लांब-आखूड करायला. मी सगळ्यांत आतल्या कड्या अडकवल्या आणि पुन्हा उचललं. या वेळी आई गादी सोडून वीतभर वर आल्या, आणि तिथेच दुमडायला लागल्या. गुडघे नाकाकडे, आणि बाकीच्या आई पायांच्या पट्ट्यांमधल्या फटीतून खाली. तुमचे दादा क्रेनवर कामाला होते तेव्हा नेहमी सांगायचे, आधी वीतभर उचलायचं, थांबायचं, चारी बाजूंनी बघायचं, मगच वर. ते सांगायचे तेव्हा मी 'हो' म्हणायचे आणि मनात भाजीचा विचार करायचे. पण हात कळीवर थांबला तो त्यामुळेच, आणि म्हणून आई पडल्या त्या वीतभरच, गादीवर. लागलं काही नाही. मात्र त्यानंतर संध्याकाळपर्यंत त्यांनी मला एकदाही नावं ठेवली नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खरं सांगते, त्या संध्याकाळी मी तुम्हाला 'या आणि घेऊन जा' असं लिहायला बसले होते. 'या' लिहून झालं होतं. मग वाटलं, ओझ्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय तुमचे दादा कधी क्रेनवर चढले नाहीत, आणि मी ज्यांना उचलायला निघाले त्यांना टेपसुद्धा लावली नव्हती. झोळी कशी निवडायची तर माकडहाडापासून खांद्यापर्यंत पाठ मोजायची, मांडीचा घेर बघायचा आणि वजन झोळीच्या पट्टीवर लिहिलंय त्यात बसतंय ना ते पाहायचं. मोठी झाली तर माणूस घसरतो, लहान झाली तर काचतो. एवढंच. हे मशीनबरोबरच्या कागदावरही छापलेलं होतं. (वाचनालयातलं अख्खं कपाट वाचणाऱ्या बाईने तो कागद घडी घालून खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली ठेवला होता.)

टेप घेऊन गेले तर आई म्हणाल्या, "मी काय खिडकी आहे, पडद्याचं माप घ्यायला?"

"माप नसेल द्यायचं तर संस्था आहे. तिथे रोज सकाळी सगळ्यांना गोलात बसवून टाळ्या वाजवायला लावतात. मी वाचलंय."

आईंनी लगेच डावा हात वर केला. "घे. आणि टेप नीट ताण, सैल धरू नकोस."

या घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असावं. माप मध्यम निघालं. दुकानदाराने न विचारता झोळी बदलून दिली. म्हणाला, बहुतेक लोक आधी मोठीच नेतात, आणि मोजलं का असं विचारलं की रागावतात, म्हणून मी विचारणंच सोडलं.

आता ऐका. मी खांद्यांचे पट्टे आखूड ठेवले, पायांचे लांब, म्हणजे पाठ सरळ राहते. मशीनचे पाय रुंद केले. कळ दाबली, वीतभर उचललं, थांबले. फेरी मारून चारी कड्या पाहिल्या. आई बसल्या होत्या, वन्सं, हवेत, ताठ, पाटावर बसावं तशा. मी पुन्हा कळीशी आले तर झोळीच्या कडेवरून त्यांचा डावा हात बाहेर आला, एक बोट वर झालं आणि गोल फिरलं. म्हणजे क्रेनवाल्याला खूण, उचल. तुमचे दादा शिकाऊ असताना घरी खुणांचा सराव करायचे आणि समोर आईंना बसवायचे, हे मी ऐकून होते. मी उचललं. तळहात आडवा झाला, थांबले. हात खुर्चीकडे गेला, वळवलं. बोट खाली फिरलं, मी हळूहळू सोडलं, आणि आई खुर्चीत टेकल्या, ओरखडासुद्धा न पडता. गेल्या वर्षभरात तुमच्या दादांबद्दल आम्हा दोघींचं झालेलं हे सगळ्यांत लांब बोलणं.

खुर्ची खिडकीपाशी नेली. इतके दिवस छत बघून काढलेल्या बाईने बाहेर एक नजर टाकली आणि म्हणाली, "समोरचीने गॅलरीला रंग कुठला दिलाय हा. जुलाबाचं औषध." मी स्वयंपाकघरात गेले आणि कंबरेवर हात ठेवून नुसती उभी राहिले. त्या कंबरेवर, जिला काहीही झालेलं नाही.

तेव्हापासून रोज खुर्ची, रोज खिडकी, एक दिवसाआड न्हाणीघर. जेवायला आई माझ्यासमोर बसतात आणि मी किती जेवते ते मोजतात. संस्थेतली खोली सोडून द्या.

तुमची,
वहिनी

ता. क. आईंना पत्र वाचून दाखवलं. लिंबू खोडायला सांगितलं होतं. मी खोडलं म्हणून सांगितलं आहे, तुम्ही भेटल्यावर बोलू नका.

आणखी ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच होतं. उचलता येतं म्हटल्यावर आईंना तुमच्याकडे यायचंय. तुमचं नवं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही आणि त्याला नावं ठेवायची राहिली आहेत. तेव्हा ठरल्याप्रमाणे महिनाअखेर न्यायला या. मशीन बरोबर येईल, झोळी कशी बांधायची ते मी शिकवेन. तुमच्या पलंगाखाली मशीनचे पाय जायला वीतभर फट लागते, ती मोजून कळवा. अंदाजे नको, टेपने. आणि महिना झाला की परत आणून सोडा. त्या म्हणतील, राहते अजून, पण ऐकू नका. मला इथे सगळं एकटीने जमतं, चहात साखर कमी पडली हे तेवढं कोणीतरी सांगावं लागतं.