कापसाचे एकशे चाळीस शब्द

११ मार्च

साठपैकी तेरा!

पाच वस्तूंतून एक उचलून आणायची. डोळे मिटून उचलली तरी साठात बारा बरोबर येतात. कापसाने तेरा आणल्या. आणि हा कुत्रा गेली चार वर्षं पंचावन्नच्या खाली कधी आलेला नाही.

फरक एवढाच — आज माझ्या कानांवर हेडफोन होते, आत नुसती खरखर. भिंतीवरच्या स्पीकरमधून ‘बादली’, ‘चेंडू’, ‘बूट’ असे शब्द येत होते, पण ते मला ऐकू येत नव्हते. म्हणजे कुठली वस्तू बरोबर, ते मलाच ठाऊक नाही. आणि मला ठाऊक नाही म्हटल्यावर त्यालाही नाही. वस्तूंकडे गेलाच नाही आधी. माझ्यासमोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

१२ मार्च

पुन्हा केलं. अकरा.

१३ मार्च

दिवसभर जुनं चित्रीकरण बघितलं, अर्ध्या वेगाने. तिसऱ्याच फितीत दिसलं. शब्द आला की माझी हनुवटी त्या वस्तूकडे वळते. किती? तांदळाच्या दाण्याएवढी. मग पाचव्या फितीत, दहाव्या, चाळिसाव्या — सगळीकडे! शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं.

‘कुत्र्याला माणसाच्या भाषेतले एकशे चाळीस शब्द समजतात’ — माझा लेख, माझं नाव. कुणी शंका घेऊ नये म्हणून मुद्दाम स्पीकर बसवला होता. माझा आवाज खोलीबाहेर काढला, मला काढायचं राहूनच गेलं!

१५ मार्च

विभागप्रमुख सरांना सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

‘स्पीकरमध्ये बिघाड असेल.’

‘नाही सर. बिघाड माझ्यात आहे.’

‘हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या एका लेखावर हा विभाग उभा आहे. सहा माणसं, नऊ कुत्री.’

‘मुठीत काही नाहीच आहे सर.’

रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसत बसले. कुत्र्याचं डोकं मांडीवर कसं घ्यायचं, म्हणजे ते घाबरत नाही, हे ह्याच माणसाने मला शिकवलं. बाविसाव्या वर्षी. आज एकदम म्हातारे दिसले.

१६ मार्च

दात घासले. एवढंच.

१९ मार्च

धाकटीचा फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणते, ‘ताई, एवढं काय त्यात? माझा नवरा वीस वर्षं ऐकतोय, त्याला एक शब्द कळलाय का?’ हसले. आणि हसता हसता असा काही हुंदका फुटला की ती घाबरलीच.

आईला सांगू नको म्हटलं. दारात येईल त्याला ती सांगते — पोस्टमनलासुद्धा — ‘माझ्या लेकीच्या कुत्र्याला एकशे चाळीस शब्द येतात.’ तिला कोणत्या तोंडाने सांगू?

२२ मार्च

लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. सरांनी सही केली नाही. मान हलवली आणि गेले. चारच्या सुमारास आपणहून परत आले. ‘पेन दे.’ सही केली. पेन खिशात घालून निघून गेले. माझंच पेन.

पाठवलं.

२४ मार्च

विभाग बंद होणार. कुत्र्यांना घरं शोधायची आहेत. शेजारच्या टेबलावरचे दोघं माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

पिंजरे झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘बाई, ह्याला कोण नेणार आता?’ कापूस चेंडू घेऊन आला. मला त्याचाही राग आला! जसं काही त्यानेच मला फसवलं. मी पाठ फिरवली. तो चेंडू तोंडात धरून तसाच उभा होता. मी किती वाईट आहे.

आता हे वय नाही नव्याने काही शिकायचं. आणि कुणाला शिकवायला तर तोंडच राहिलं नाही.

२७ मार्च

कापसाच्या मेंदूच्या स्कॅनची वेळ दोन महिन्यांपूर्वीच घेतलेली. रद्द करायला फोन केला, तर यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, ‘आणा हो. वेळ वाया कशाला घालवायची?’

कापूस शहाण्यासारखा हनुवटी टेकून पडून राहिला. त्याच्या कानाशी शब्द वाजवले. मी भिंतीआड, त्याला दिसणार नाही अशी.

बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. ‘हा ऐकण्याचा भाग. इथे काहीतरी हालचाल हवी ना? बाकीच्या कुत्र्यांत होते.’ तारा तपासल्या. आवाज वाढवला. काही नाही. ‘कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा एकदा,’ म्हणाल्या.

म्हणजे हेही फुकट. मी हात लावेन त्याची माती होतेय.

२९ मार्च

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या डोक्याला तारा लावल्या. पडद्यावर दोन सरळ रेघा. ‘बाई, ह्याला ऐकू येत नाही. दोन्ही कान. आणि हे आजचं नाही, जन्मापासूनचं आहे.’

एकशे चाळीस शब्द कळणाऱ्याचे कान कोण तपासतो!

चार वर्षांत ह्याच्या कानावर एकही शब्द पडलेला नाही. जे कळलं ते सगळं माझ्यावरून. माझं मलाही कळत नव्हतं ते!

सरांना फोन लावला. रेघांचं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, ‘नवी वही काढ.’