काजळी कुठे लागली ते सांग

पेन्स व्हॅली, पेनसिल्व्हेनिया
१४ ऑक्टोबर

प्रिय फर्न,

इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. नोव्हेंबरअखेर तुला भाड्याचं घर सोडायचं आहे, आणि आमची मागची खोली मिळेल का, असं तू विचारलंस. पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आता देते. पण आधी त्या खोलीत काय आहे ते ऐक.

बंदूक आहे. अख्खी असती तर खुंटीवर टांगली असती. लमारने, तुझ्या मेव्हण्याने, सुट्या भागांची मागवली. वसंतात त्याने शाळेची बस चालवणं सोडलं आणि पाठोपाठ ते खोकं घरात आलं. ठासणीची बंदूक, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी. नाताळनंतरच्या हरणांच्या शिकारीला नियमाने तीच लागते. आजवर भावाची मागून नेत होता, आता म्हणे स्वतःच्या हातची हवी. कॅटलॉगात लिहिलं होतं की अर्धं काम आम्ही केलेलं आहे. उरलेलं अर्धं अजून माझ्या घरात चाललंय.

पाहुण्यांच्या पलंगावर मेपलचा दस्ता आडवा पसरलाय. उशीवर कानशी. पितळेचा कीस आईच्या रजईत असा बसलाय की झटकून निघत नाही. रविवारी पॉटपायसाठी पीठ मळलं, तर त्यात भुसा.

"मेपलचाच आहे," लमार म्हणाला. "मेपलचा पाक आवडीने खातेस ना?"

बाथटबवर बंदुकीची नळी टांगली आहे. तिच्यावर मुद्दाम गंज चढवायचा असतो, म्हणजे ती तपकिरी होते आणि पुढे टिकते. सगळा जन्म मी या घरातला गंज घासण्यात घालवला. आता हा माणूस गरम पाणी सोडून, दार लावून, वाफेवर गंज वाढवतो. काल टॉवेल घेऊन गेले तर म्हणतो, "आज आंघोळ राहू दे. आत्ता कुठे धरायला लागलाय."

तेव्हा खोली नाही आणि न्हाणीघरही नाही.

इथवर काल लिहिलं होतं. इथेच सही करायची असं आमचं ठरलं होतं. बंदुकीचं कारण पुढे कर, हे लमारनेच सुचवलं. आज कागद पुन्हा काढला. ती खोली एका दुपारी रिकामी होते, फर्न. तुलाही ते कळलं असतं.

सप्टेंबरात खटका बसवायचं काम आलं. घोडा आणि गारगोटी ज्यावर असतात तो लोखंडी तुकडा दस्त्याच्या खाचेत घट्ट बसायला हवा. त्याला दिव्याची काजळी फासतात, खाचेत दाबतात, काढतात. लाकडाला जिथे काळं लागलं तिथे पटाशीने किंचित तासायचं. मग पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. लमार खोलीतून हाका मारत होता. "एर्मा, काजळी कुठे लागली ते सांग." माझी सफरचंदं शिजत होती. ढवळायची थांबले की बुडाला लागतात, तुला माहीत आहे. तरी मी जात होते. बघून सांगत होते, परत येत होते. पुन्हा हाक. शेवटी दारातूनच "कडेला" म्हणाले, आणि त्याने भलत्याच कडेचा चांगला टवका उडवला.

"अगं, नीट सांग की!"

"समोर धडधडीत काळं दिसतंय," मी म्हटलं. "डोळे फुटलेत का तुझे?"

त्याने पटाशी ठेवली. ठेवायच्या आधी हाताने टेबलाची कड चाचपली.

"तसंच म्हण," तो म्हणाला.

सफरचंदं करपली.

त्याला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे बघितलं की कान दिसतात, तोंड दिसत नाही म्हणतो. "तेवढाच फायदा," म्हणून हसला. मी हसले नाही. डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं. म्हणून बस सोडली. मला सांगितलं की पोरांच्या गोंगाटाने डोकं उठतं. सगळा उन्हाळा तो माझ्याकडून माहितीपत्रक वाचून घेत होता, मापं बघून घेत होता, आणि मी त्याला आळशी म्हणत होते. बोलला असता तर? पण हा माणूस बोलेल कशाला!

आणि वर मला शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. फर्नला तर नाहीच.

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. विल्बरला शेवटी शेवटी ती तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलायची. त्याला हाताने खाता येत होतं तरी भरवायची. तो बिचारा भला माणूस, गप्प खायचा. मी चावेन."

तुला हे लागेल. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नाही आणि मी असलं काही लिहिते आहे. पण तू तशी बोलायचीस, फर्न. मी ऐकलंय.

त्या दिवसापासून काजळी मी बघते. खटका बसला. चांगल्या डोळ्यांच्या शेजाऱ्याने बसवला असता त्याहून वाईट नाही. नळीच्या गंजाला मात्र माझी गरज लागत नाही, तो बोटांना कळतो. त्यामुळे वाफेत उभा राहून नळीवर अंगठा फिरवताना हा आंधळा होत चाललेला माणूस शीळ घालतो, आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. डिसेंबरात बंदूक डोंगरावर नेणार का, असं विचारलं. "नेणार," म्हणाला. "उडवणार कोण ते तेव्हा बघू." गाडी मी चालवते, पेपर मी वाचते, पायरी आली की मी खोकते, म्हणजे सांगितल्यासारखं होत नाही. थकले मी. घरात मला कुणीतरी हवंय ज्याच्यापुढे बसून लमारच्या नावाने बोटं मोडता येतील.

तुला खोली हवी आहे. मला तू हवी आहेस. मध्ये हा हट्टी म्हातारा बसलाय.

आलीस तर त्याचं मांस कापून देऊ नकोस. कप कुठे आहे ते सांगू नकोस. त्याच्याशी भांड, माझ्याशी भांडतेस तसं. हाक मारली तर जाऊन बघ, जे दिसेल ते सांग, आणि निघून ये. जमेल का? खरं सांग. जमणार नसेल तर तसं कळव. मी रागावणार नाही, म्हणजे रागावेन, पण समजून घेईन.

लग्न झाल्यापासून मी लिहिलेलं प्रत्येक पत्र लमारने माझ्या खांद्यावरून वाचलंय. हे त्याला वाचता येणार नाही. न सांगता टाकून येऊ शकते. तसं करायला दोनदा कोट चढवला आणि दोनदा काढला. त्याने माझ्यापासून लपवलं तेव्हा कसं वाटलं ते मला अजून पचलेलं नाही.

आता आत जाऊन त्याला हे मोठ्याने वाचून दाखवणार आहे. चावण्याच्या ओळीसकट. आरडाओरडा होईल. होऊ दे. मग पत्र त्याच्या हातात देईन. टपालपेटीत टाकायचं की शेगडीत, ते त्याने ठरवावं.

तेव्हा हे तुझ्या हातात असेल, फर्न, तर तो हो म्हणाला. सामान बांधायला घे.

हे पोचेल की नाही म्हणून जीव टांगणीला लागलेली,
तुझी एर्मा