झेफामावशीच्या बंदुकीची नखी

येझेर्स्को, १२ जून १९९४

चि. लेनार्त यास अनेक आशीर्वाद.

तुझं चेरीच्या बागेतलं कार्ड पोचलं. त्याआधी होड्या हाकत होतास, त्याच्याआधी मेंढ्या. आता पाद्री होणार असशील तर आधी कळव, म्हणजे मी चार पापं शिल्लक ठेवते.

काम आहे म्हणून लिहितेय. तुझे उर्बानकाका गेल्यापासून त्यांची एकनळी बंदूक मी वापरते. नळी मोडून उघडली की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बोटाला लागेल इतकी तरी वर यायला हवी. ती येत नाही. माझे अंगठे संधिवाताने लाकूड झालेत. गेल्या ऑक्टोबरात डोंगरबकरीला माझी गोळी मागच्या अंगाला लागली, आणि दुसरं काडतूस भरायला मला पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत पडली होती.

शिकारी मंडळाच्या फ्लोर्यानला मी स्वतःच हे सांगितलं. तो म्हणाला, झेफा, वीस ऑगस्टला सगळ्यांसमोर स्वतःच्या बंदुकीने एका मिनिटात दोन गोळ्या निशाणावर मार. नाहीतर बंदूक भिंतीवर टांग. बरोबरच बोलला. घाटापलीकडचा बंदूकवाला म्हणतो नाताळपर्यंत थांबा. तू दोन वर्षं बंदूकशाळेत बाकं झिजवलीस, त्यातलं काही डोक्यात उरलंय का? सहा पुंगळ्या मोज्यात बांधून पाठवतेय. मोजा परत हवा.

तुझी
झेफामावशी

ब्रदा, २४ जून

ती. मावशीस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पुंगळ्या मिळाल्या. मोज्यात चेरी भरल्या, त्यामुळे मोज्याबद्दल आत्ता काही बोलू नये. इथे एक बाई शिडीवर उभी राहून दिवसभर गाते आणि माझ्या दुप्पट टोपल्या भरते. तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आणि मी मुद्द्यावर येतोय, कारण भिंग त्याचंच.

सहाही पुंगळ्यांवर दोन खुणा आहेत. बुडाच्या कडेला नखीचा ओरखडा अगदी वरवरचा. म्हणजे जी नखी पुंगळीला धरून वर उचलते ती धरतच नाही, निसटते. दुसरी खूण अंगावर, उभी, सगळ्यांवर एकाच जागी. नळीच्या तोंडाशी, काडतूस जिथे बसतं तिथे, काहीतरी बोचरं वर आलंय. अडकलेली पुंगळी तू कशाने उचकटतेस? खरं सांग. आणि नखी एका स्क्रूवर असते. तेवढी काढून पाठव.

आपला लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर मी तक्रार करणार नाही.

तुझा
लेनार्त

येझेर्स्को, ३ जुलै

चि. लेनार्तला आशीर्वाद.

कशाने उचकटणार, चाकूने. काकाही तेच करायचे. तू विचारलंस म्हणून बॅटरी लावून बघितलं, तर नळीच्या ओठावर माझ्याच चाकूच्या खाचा. बोट फिरवलं तर चिरलं. म्हणजे पुंगळी अडकते म्हणून चाकू घालायचा, आणि चाकू घातला म्हणून पुढची पुंगळी आणखी अडकायची. शहाणपणाची हद्द झाली. चाकू आता पावाच्या डब्यात ठेवलाय.

नखी पाठवते आहे. ती हरवलीस तर माझ्या हातात नुसती काठी उरेल, आणि ती मी तुझ्यावरच वापरेन.

तुझी
झेफामावशी

बोवेत्स, १९ जुलै

ती. मावशीस नमस्कार.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या दोन्ही वेळा नदीबद्दलच दोन पानं भरली.

नखी मिळाली. पाकीट उघडलं आणि ती आरशासारखी चमकली. ती चमक माझी आहे. सोळा वर्षांचा होतो, शाळेतून सुट्टीवर आलो होतो. काकांच्या वाढदिवसाला भेट म्हणून त्यांच्या नकळत मी ती काढली आणि दोन दिवस घासून चकचकीत केली. चमकवताना जी कड पुंगळीला पकडते तीच गोल करून टाकली. पुढे पुंगळ्या अडकायला लागल्या तेव्हा काका दारूगोळ्याला शिव्या देत होते आणि मी सूप पीत होतो. शाळा सोडली त्याला मी सतरा कारणं सांगितली, हे कधी सांगितलं नाही. चाकूच्या खाचाही धरल्या तर माझ्याच.

इथे उबाल्डो नावाचा म्हातारा कुलूपवाला आहे. त्याने शेगडा दिला, कानस दिली आणि वर, तुझ्या हातात घाई फार आहे, असंही ऐकवलं. नवी नखी घडवायला बसलो. पहिली बिघडली, दुसरीही. तिसरी जमली आहे, पण मुद्दाम केसभर मोठी ठेवलीय. नळीला लावून, थोडी थोडी घासत बसवावी लागेल. नळीवरच्या खाचा बारीक धारदगडाने घासून उतरवायच्या. दोन ऑगस्टच्या बसने येतो. हाकलायचं असेल तर काम झाल्यावर हाकल.

तुझा
लेनार्त

येझेर्स्को, ११ सप्टेंबर

चि. लेनार्तला अनेक आशीर्वाद.

तू चार दिवस आलास, स्वयंपाकघरभर लोखंडाचा कीस केलास आणि निरोप न घेता पहाटेच्या दुधाच्या गाडीने गेलास. त्या चार दिवसांत मी तुझ्याशी धड बोलले नाही. राग होता, आणि तो खरा होता. काका बिचारे गोळ्या बनवणाऱ्याला दोष देत गेले.

वीस ऑगस्टला पहिल्या गोळीनंतर नळी मोडून उघडली, आणि पुंगळी अर्धा इंच वर येऊन उभी राहिली. मी तिच्याकडे बघतच बसले. फ्लोर्यान मागून म्हणाला, झेफा, पूजा नंतर कर, घड्याळ चालू आहे. चाळीस सेकंदांत दोन्ही निशाणावर.

पण ती परीक्षा नव्हती. परीक्षा परवा झाली. वरच्या कड्यावर म्हातारी, वांझ बकरी दिसली. वाऱ्याने दगा दिला, आणि गोळी पुन्हा मागच्या अंगाला लागली. मी नळी मोडली, पुंगळी दोन बोटांत आली, दुसरं काडतूस आत गेलं. ती गुडघ्यांवर बसायच्या आत सगळं संपलं होतं. एक श्वास, लेनार्त. गेल्या ऑक्टोबरात एवढ्या वेळात मी अजून चाकूच शोधत होते.

फ्लोर्यानने तिच्या तोंडात शेवटचा घास म्हणून पाइनची हिरवी डहाळी ठेवली आणि दुसरी माझ्या टोपीला दिली. जखमी जनावर शोधायला मदत करणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला त्यातली अर्धी मोडून द्यायची असते. कुत्रा आणला होता, पण त्याला उठायचं कामच पडलं नाही, झोपून राहिला. तरी मी डहाळी मोडली, तेव्हा आता अर्धी कुणाला म्हणून मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी ती खिशात ठेवली.

ती अर्धी या पाकिटात आहे. पोचेपर्यंत सुया गळतील, काडी राहील. ती टोपीला लाव.

तुझी
झेफामावशी