हुकलेल्यांची ओळ

नांदेड,
१२ जुलै २००८

प्रिय उज्वला,

सात वर्षांनी माझे अक्षर पाहून दचकू नकोस. आठवडाभर घरी आले आहे. पुण्यात मी संगणकाच्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या अगदी आतल्या कारभारावर, पाळत ठेवणाऱ्या साधनाचे काम करते. आत ठरावीक जागी आम्ही एक प्रोब बसवतो. काम तिथून गेले की तो नोंद करतो. पण एक नोंद चालू असतानाच दुसरी घटना आली, तर ती हुकते. घटना घडते, नोंद मात्र होत नाही. अशा किती हुकल्या, हे कर्नलला ठाऊक असते. आमचा अहवाल ते सांगत नव्हता. मी त्यात शेवटी एक ओळ घातली: नोंदल्या ९,९८८, हुकल्या १२.

आमचे प्रमुख यज्ञेश म्हणाले, "देविका, गिऱ्हाईक म्हणेल, साधनच कच्चे आहे." वर्गात हात वर न करणारी मी, पण त्या दिवशी उभी राहून म्हणाले, "बाराचा आकडा लपवला, तर उरलेल्यांवर तरी त्याने विश्वास का ठेवावा?" ओळ राहिली. आज ती प्रत्येक अहवालात असते.

लातूरच्या क्लासमधली सराव परीक्षा आठवते? शेजारी खडीचा ट्रक रिकामा झाला आणि तू पेपर टाकून अंगणात धावलीस. भूकंपात घर गमावलेल्या मुलीचे पाय ते. "आवाज झाला की पाय थांबतच न्हाईत गं," म्हणालीस. गुरुपादप्पा सरांनी, "हिच्यानं निकाल खाली येईल," म्हणून त्याच दिवशी तुला क्लासातून काढले. तरीही बोर्डाची परीक्षा तू दिलीस, एकाहत्तर टक्के मिळवलेस. क्लासच्या फलकावर मात्र एकोणचाळीस नावे लागली, सगळी नव्वदच्या वरची. "शंभर टक्के यश!"

ती यादी माझ्या हातची होती, उज्वला. अक्षर चांगले म्हणून सरांनी मला लिहायला बसवले. सरांनी गाळलेले तुम्ही तिघे धरून आम्ही बेचाळीस जण होतो, हे मला माहीत होते. तुझ्या नावापाशी पेन थांबले, आणि मी पुढचे नाव लिहिले. येत्या २० तारखेला, रविवारी, त्याच क्लासमध्ये माझा सत्कार आहे. तिथे मी बेचाळीसचा आकडा सांगणार आहे, आणि ती यादी कोणी लिहिली, तेही. तुझे नाव घ्यावे की नाही, एवढेच तू ठरव. मुरुडहून लातूरला यायला तासभर लागतो; पहिल्या रांगेत, दाराजवळची खुर्ची मी तुझ्यासाठी धरून ठेवीन.

तुझीच,
देविका