पायरीशी उगवलेल्या दोघी

हार्लिंगन, एप्रिलअखेर

ती. ताईस,

धाकट्या आफ्केचा नमस्कार. कानातलं नवं यंत्र नीट बसलं का, आणि शेजारीण काय बोलते ते आता ऐकू येतं याचा आनंद झाला की पस्तावा, ते कळव. आम्ही दोघं सुखरूप, असं लिहायची रीत आहे. पण मी सुखरूप आहे, उबो नाही. (तापबीप नाही, घाबरू नकोस. तणाचं दुखणं आहे.)

तुला ठाऊकच आहे, पुलावरची नोकरी संपल्यापासून तुझा मेहुणा खुर्चीत बसून होता. जन्मभर जहाज आलं की पूल वर, गेलं की पूल खाली. आता काहीच वरखाली करायचं नाही म्हटल्यावर त्याचं बोलणंही आटलं. मग हिवाळ्यात तो त्या खडूवाल्यांच्या मंडळात गेला. ही चांगली शिकलीसवरलेली माणसं गल्लोगल्ली हिंडतात, विटांच्या फटीत उगवलेल्या तणापुढे वाकतात आणि शेजारी खडूने त्याचं नाव लिहितात, म्हणजे पाय देणाऱ्याने निदान ओळख तरी करून घ्यावी. मी नाक मुरडलं (शेवटी मीही आईचीच लेक, शनिवारी पायरी घासल्याशिवाय मला घास उतरत नाही). पण उबो पुन्हा बोलायला लागला. जेवताना, दाढी करताना, झोपेतसुद्धा. त्यामुळे मी गप्प बसले.

तर या महिन्यात आमच्याच पायरीशी पांढऱ्या फुलांचं एक चिमुकलं तण आलं. मोहरीच्या कुळातलं. या कुळात दोन बहिणी आहेत, एक ‘बारकी’ आणि एक ‘रानातली’, आणि त्या इतक्या सारख्या की त्यांच्या आईनेही हाक मारताना गफलत करावी. बारकी जिथे तिथे असते. रानातलीला ओल लागते, सावली लागते, आमच्या गल्लीत ती कुणी पाहिलेली नाही. उबोने भिंग लावून पाहिलं आणि सायकलवरच्या पोस्टमनलाही वाचता येईल अशा अक्षरांत पायरीवर लिहून टाकलं, ‘रानातली’.

मंडळाची फेरी आली. बरोबर ल्यूवार्डनचे होएकेमा, या विषयातले मोठे जाणकार. मी कॉफी दिली. त्यांनी एक बिस्किट घेतलं, मी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे (एका कॉफीला एकच) डब्याचं झाकण लावलं, तर त्यांनी आपल्या हाताने झाकण उघडून दुसरं घेतलं. माणूस कसा आहे ते मला तिथेच कळायला हवं होतं. मग ते पायरीपुढे चक्क पालथे पडले. म्हणाले, “पुंकेसर चार. ही बारकी हो, उबो. रानातलीला सहा असतात.” उबो म्हणाला, “मी सहाच मोजले होते.” त्यावर होएकेमा म्हणाले, “या वयात सगळ्यांनाच दीडपट दिसतं.” सगळे हसले. उबोही हसला, ते मला बघवलं नाही. त्याने स्वतःच बुटाने अक्षरं पुसली, आत आला, भिंग ड्रॉवरमध्ये टाकलं आणि खुर्चीत बसला. तेव्हापासून पुन्हा मुका झाला आहे. काल न सांगता बटाटे सोलले, यावरून काय ते समज.

शनिवारी मी बादली आणि ब्रश घेऊन पायरीशी बसले. भिंगही का घेतलं, देव जाणे. या काडीने माझ्या नवऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवलं, तर उपटण्याआधी तिचं तोंड तरी बघावं, असं काहीतरी मनात असेल. ताई, काय सांगू. तांदळाच्या दाण्याएवढं फूल, आणि आत अख्खा संसार मांडलेला. चार शुभ्र पाकळ्या, मधे हिरवा खांब, भोवती पिवळ्या डोक्याचे पुंकेसर, आणि त्यांच्यावर पिठासारखे परागकण. मी श्वास रोखून बसले. खालच्या पिकलेल्या शेंगेला बोट लागलं मात्र, ती फट्कन फुटली आणि बिया माझ्या कपाळावर. (मला राग आला नाही. मीच म्हटलं, माफ कर बाई.) पुंकेसर मोजले, चार. होएकेमा बरोबर. जड मनाने बादली सरकवली, तर तिच्याआड दुसरं झाड. पहिल्याच्या पानांत पानं गुंतलेली, पण देठ नागमोडी, घडीघडीला विचार बदलल्यासारखा. फुलात सहा. शेजारच्या फुलातही सहा. दोघी एकाच फटीत उभ्या होत्या, आणि दोन पुरुष एकेकीला बघून भांडले. इतकी वर्षं मी याच पायरीपुढे गुडघे टेकते आहे, आणि माझ्या नाकाखाली हे चाललेलं असतं. मी तशीच बसून राहिले. पाणी गार झालं, ब्रश कोरडाच राहिला.

बाकी सगळं ठीक. माझ्या वाढदिवसाला नक्की ये. नारिंगी केक करणार आहे.

तुझी,
आफ्के

ता. क. – उबोला अजून सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर म्हणेल, बायको समजूत काढते आहे. होएकेमांना बोलवावं तर ते तिसरं बिस्किट खातील. तू मात्र जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोललेली नाहीस (माझ्या लग्नातलं तुझं भाषण लोक अजून काढतात). तेव्हा नेहमीसारखा आपला ब्रश घेऊन पुढच्या दाराने ये, माझी पायरी बघून नेहमीसारखं तोंड वाकडं कर, घासायला बस, आणि हाक मार, “उबो, हिला सहा आहेत रे.” तुझ्यावर तो विश्वास ठेवेल.

आणखी ता. क. – ब्रश ओला करू नकोस. नागमोडी देठाची ती उजवीकडे आहे. आश्चर्य वाटल्याचं सोंग कसं करायचं तेही लिहिलं होतं, पण खोडलं. भिंग डोळ्याला लावलंस की सोंगाची गरज पडणार नाही.