पाठीच्या तपासणीचा आठवडा

२ नोव्हेंबर, रविवार
आले एकदाची! घर दोन खोल्यांचं, मागे ओढा, ओढ्यापलीकडे थेट डोंगर. सामान अजून गाडीतच होतं, तोवर शेजारणी मक्याचा पाव, घेवड्याचं कालवण आणि ॲपल पाय घेऊन हजर. शिकागोत पाच वर्षांत शेजारणीचं नाव कळलं नव्हतं. इथे तासाभरात माझ्या घटस्फोटाची चौकशीही झाली. पोस्टातल्या ओपलबाई म्हणाल्या, नवरा सोडलास ना, मग खा पोटभर, आता कोण बघतंय! उद्यापासून मी इथल्या शाळेची नर्स. खूश आहे मी, उगीच कशाला लपवू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पाचवीच्या मुलांच्या पाठीचा कणा तपासला. दरवर्षीचं काम. पडद्यामागे यायचं, शर्ट वर, पुढे वाक, कणा सरळ आहे, चल पुढचा. तेविसावी पाठ टेसा स्टिल्टनरची. शर्ट वर करायला तयारच नव्हती. शेवटी केला. पट्ट्याचे वळ, जुन्यांवर नवे, दोन ठिकाणी बकलाचा आकार उठलेला. मी शर्ट हळूच खाली केला. ती म्हणाली, "कणा सरळ आहे ना? मग झालं."

कायदा साफ आहे: जिने पाहिलं तिनेच, स्वतः, बालसंरक्षण खात्याला फोन करायचा. पण मुख्याध्यापक कॉगर म्हणाले की इथे असले फोन त्यांच्या टेबलावरून जातात. तू नवी आहेस, कशाला डोक्याला ताप. मी बरं म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
कॉगरांनी फोन केलाच नव्हता! टेसाचा बाप वेड स्टिल्टनर म्हणजे अग्निशमन दलाचा प्रमुख, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा. खात्री झाल्याशिवाय कसं, म्हणे. कुंपणच शेत खातं ते असं. आणि मी तीन दिवस त्यांच्या भरवशावर बसले, याची जास्त चीड आली. त्यांच्यासमोरच फोन लावला. तुमचं नाव गुप्त राहील, सोमवारी आमचा माणूस मुलीला शाळेतच भेटेल, बापाला कळणार नाही, असं पलीकडची बाई म्हणाली.

निघताना शाळेचा शिपाई एल्डन हसायलाच लागला. "सोमवारी? बाई, सोमवारपासून हरणांची शिकार! आठवडाभर शाळा बंद, कुत्रंसुद्धा फिरकत नाही." शिकागोत या आठवड्यातली सणाची सुट्टी बुधवारी लागते, माझ्या डोक्यात तेच. पुन्हा फोन केला. दुसरीच बाई होती. मग घरीच जाऊ म्हणाली, आधी बापाशी बोलून.
नको नको म्हणेपर्यंत फोन ठेवला तिने.

२२ नोव्हेंबर, शनिवार
दुकानात वेड भेटला. हसतमुख. खात्याचा फोन आला होता म्हणाला. तक्रार कुणाची ते सांगितलं नाही त्यांनी. पण लेकीचा शर्ट वर झाला तो मंगळवारीच, आणि बघणारी तू एकटी. मग माझ्या पिशव्या गाडीपर्यंत आणून दिल्या. सोमवारी घरातच राहा, शहरातल्यांना गोळ्यांचा आवाज सोसत नाही, म्हणाला.
शेरिफच्या कचेरीत जाऊन सांगितलं. पिशव्या उचलणं हा गुन्हा आहे का, असं विचारलं त्यांनी.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.४०
उजाडल्यापासून डोंगरात गोळ्या. कुणी मानही वळवत नाही.
टेसा आली. ओढ्यातून, कमरेपर्यंत भिजून. अंगात तपकिरी कोट. आज पोरंटोरंसुद्धा नारिंगी घालतात, कुणी हरीण समजू नये म्हणून. तिचं नारिंगी जाकीट बापाने शेगडीत जाळलं. म्हणाला, पळ. शंभर मोजतो.
डावा कान अर्धा नाही.

७.५०
पोलिसांना फोन. पलीकडची बाई म्हणाली, "अगं पोरी, आज पहिला दिवस! गोळ्या नाही तर काय घंटा वाजणार?" ओरडून सगळं सांगितलं. गाडी पाठवते म्हणाली. पाऊण तास.
माझ्या गाडीचे चारही टायर फाडलेले —

८.०५
माझं नारिंगी जाकीट तिला घातलं. गुडघ्यापर्यंत येतं. पुढच्या दाराने पाठवली. कुठे, ते लिहीत नाही. हे वेडच्या हाती पडेल.
जाईना. मिठी सोडेना. मी खेकसले. तिच्या बापासारखी खेकसले, तेव्हा गेली. देवा.
तिचा कोट खुर्चीला चढवलाय. मागच्या खिडकीशी, पडद्याआड.

८.२०
काच फुटली. कोटाला मधोमध भोक. खुर्ची आडवी.
बरं झालं. म्हणजे त्याला वाटतंय ती इथेच —

दुसरी गोळी माझ्या मांडीत. टॉवेल आवळलाय. खूप रक्त —

ओढ्यात आहे. हाका मारतोय. गोड आवाज. टेसा, बाळा, चल, नाश्ता निवतोय —

अजून दहा मिनिटं हवीत तिला. दारापुढे फ्रीज — सरकेना — मीच बसलेय दाराला टेकून —

पायऱ्यांवर.

तीन दिवस गप्प बसले, तो गुन्हा माझा. पण मंगळवारी, पडद्यामागे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फोन मीच केला. आणि कुणीही विचारलं तरी मी पुन्हा हेच —